निष्कर्षाआधीची वही

सोलापूरच्या शिवारात कुठेही विहीर खणायला घ्या. माती, मुरूम, मांजऱ्या हा मऊसर खडक आणि मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. हा खडक लाव्ह्याचा आहे आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर असा साचत गेला, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. दोनशे वर्षांपूर्वी मात्र जाणत्यांचंही यावर एकमत नव्हतं. ते कळत कसं गेलं याचा इतिहास केवळ छापील निबंधांवरून लिहिता येत नाही, असं माझं मत आहे. उत्तर हाती आल्यावर निबंध लिहिला जातो, आणि लिहिताना वाटेतली चाचपड बहुधा पुसली जाते.

हेन्री वेसली व्हॉयसीचं उदाहरण घेऊ. भारताची मोजणी करणाऱ्या लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात १८१८ साली तो शल्यवैद्य आणि भूवैज्ञानिक म्हणून दाखल झाला. सोलापूरच्या शेजारचा निजामी मुलूख, वऱ्हाड, दक्षिणेतल्या हिऱ्यांच्या खाणी असं बरंच काही त्यानं पाहिलं आणि १८२४ मध्ये तो मरण पावला. एप्रिल १८२३ मध्ये मेळघाटातल्या गाविलगडाच्या डोंगरांत त्याला शंखांचे जीवाश्म सापडले. त्यावरचा निबंध छापून आला १८३३ साली, आणि खासगी रोजनिशीतले उतारे बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात यायला १८४४ उजाडलं. मधल्या काळात, १८४० मध्ये, माल्कमसन या दुसऱ्या अभ्यासकाचा दख्खनच्या पूर्व भागातल्या जीवाश्मांवरचा निबंध लंडनला प्रसिद्धही झाला होता. ग्रंथसूचीच्या क्रमानं इतिहास लिहिणाऱ्याला रोजनिशी सगळ्यांत शेवटी भेटते. ती लिहिली गेली होती मात्र सगळ्यांच्या आधी.

हे केवळ श्रेय कुणाचं याचं भांडण नव्हे. (ते भांडण मला एरवीही कंटाळवाणं वाटतं.) त्या काळी युरोपात भूवैज्ञानिकांचे दोन पक्ष होते: वेर्नरचे अनुयायी काळा खडक पाण्यात साचल्याचं सांगत, तर हटनच्या बाजूचे तो आगीतून आल्याचं म्हणत. काळ्या खडकाच्या डोंगरात शंख निघाला, म्हणजे पहिल्या पक्षाला आयता साक्षीदारच मिळाला! आगीतून आलेल्या दगडात गोगलगाय कशी? पुढे उलगडा झाला तो असा: दोन उद्रेकांमध्ये दीर्घ शांतता असे, त्या काळात तळी साचत, त्यांत फायसासारख्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी वाढत, आणि पुढचा लाव्हा तळ्यातला गाळ झाकून टाकी. आपल्याला उत्तर माहीत आहे, म्हणून १८२३ सालची कोडी आपल्याला बाळबोध वाटतात. ती तेव्हा किती अवघड होती हे समजून घ्यायचं तर निष्कर्षाआधीची नोंद लागते, तीही तारखेसकट.

मात्र डायरी भाबडेपणानं वाचू नये. व्हॉयसीचे छापलेले आहेत ते उतारे. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे त्यानं नव्हे, दुसऱ्या कुणी ठरवलं. शिवाय अशा दौऱ्यांत तंबू वाहणारे, निशाण धरणारे, वाट दाखवणारे खलाशी आणि गावकरी असत. विचित्र दगड कुठे मिळतात हे गुराख्याला साहेबाआधी ठाऊक असणार. साहेबाच्या वहीत तो आला तर बहुधा बिननावाचा येतो. त्यामुळे रोजनिशी मी साक्ष म्हणून वाचतो, निकाल म्हणून नाही.

असल्या साक्षी आपण मागे ठेवतो का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सोलापूरही हादरलं. पण किल्लारी परिसराची जमीन १९९२ पासूनच कुरकुरत होती. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का चार रिश्टरचा होता. यंत्रं विरळ होती. त्या वर्षभरात एखाद्या शिक्षकानं वहीत रोज वेळ, आवाज, भांड्यांचा खडखडाट लिहून ठेवला असेल, तर ती वही भूकंपशास्त्राच्या इतिहासाची अस्सल साधनसामग्री आहे. ती कुणी मागायला गेलं पाहिजे.

आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेतल्या माणसांच्या वह्या? १९७२ च्या दुष्काळाच्या काळापासून इथले भूवैज्ञानिक विहिरीत उतरून थर पाहत आले. निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीचे आकडे दफ्तरात जातात. पण मांजऱ्या कुठे संपला, झिरपा कोणत्या भेगेतून येतो, पाणाड्यानं दाखवलेल्या जागेबद्दल काय वाटलं, हे आकड्यांत नसतं. असलंच तर खासगी वहीत असतं, आणि माणूस निवृत्त झाला की ती वही त्याच्याबरोबर घरी जाते. सोलापूरच्या विद्यापीठानं अशा वह्या मागून घ्याव्यात. घरगुती मजकूर झाकायचा तर झाका, पण निवडक उतारे काढून मूळ वही टाकून देऊ नका. कारण अनेक जुन्या विहिरी आता बांधून काढल्या आहेत, त्यांचा खडक दिसत नाही. नवं पाणी बोअरचं, आणि बोअरमधून वर येतो तो नुसता भुगा. उभा थर डोळ्यांनी पाहून लिहिलेली नोंद पुन्हा मिळवायची तर तेवढ्यासाठी नवी विहीर खणावी लागेल.