साततालची एका दिवसाची सुटी

डोंगरावर पंधरा दिवस पाळलेली समता ही समता म्हणावी कीं नाहीं? उन्हाळी शिबिरांत सारे एका पंक्तीस बसतात, एका घागरींतलें पाणी पितात, एकमेकांस भाऊ म्हणतात. आणि गांवच्या वेशींत पाऊल पडतांच जो तो आपापल्या वाड्याची वाट धरतो. मग हा खर्च कशाला, असें कित्येक उपदेशक बंधु विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचा विचार करण्यास साततालच्या आश्रमाचा इतिहास आम्हांस फार उपयोगी वाटतो.

सातताल हें कुमाऊंच्या पहाडांत, नैनिताल जिल्ह्यांत, भीमतालाजवळ आहे. भोंवतीं रान, मध्यें तळीं. डॉ. ई. स्टॅन्ली जोन्स हे अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी १९०७ सालीं हिंदुस्थानांत आले. गांधीजींचा व रवींद्रनाथांचा आश्रम त्यांनीं जवळून पाहिला, आणि ख्रिस्ती लोकांचेंही असें एक घर असावें असें त्यांच्या मनानें घेतलें. १९३० सालीं रे. युनुस सिन्हा व मिस एथेल टर्नर ह्यांच्यासह त्यांनीं सातताल येथें तें उभारिलें. उन्हाळ्यांत तेथें मंडळी जमूं लागली. महाराष्ट्रास ही कल्पना अगदींच नवी नव्हती. रे. नारायण वामन टिळक ह्यांनीं १९१७ सालीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला होता, व १९२२ सालीं विन्स्लो साहेबांनीं ख्रिस्त सेवा संघ स्थापिला होता.

साततालचे नियम साधे होते. पदव्या दाराबाहेर ठेवावयाच्या. जोन्स साहेब तेथें ‘ब्रदर स्टॅन्ली’. आरंभींच्या सभेंत प्रत्येकानें आपली खरी गरज काय आहे हें सर्वांपुढें सांगावयाचें. हें कठीण खरें, पण ह्याहूनही कठीण गोष्ट दुसरी होती. आठवड्यांतून एक दिवस शौचकूप साफ करणाऱ्या माणसास सुटी मिळे, व त्याचें काम आश्रमवासी आपल्या हातांनीं करीत. एकदां ब्राह्मण कुळांतून आलेल्या एका ख्रिस्ती गृहस्थास ह्या कामाविषयीं विचारलें, तेव्हां त्यानें मान हलविली व म्हटलें कीं, माझा पालट झाला आहे खरा, पण इतका झालेला नाहीं! जोन्स साहेब ही गोष्ट पुढें पुष्कळ ठिकाणीं सांगत, व ऐकणारे हंसत.

आम्हांस हंसूं येत नाहीं. त्या गृहस्थानें आपल्या पालटाची हद्द कोठें आहे तें नेमकें दाखविलें. आपणांपैकीं बहुतेकांची हद्दही तेथेंच कोठेंतरी असते. केवळ ती कोणी विचारीत नाहीं, म्हणून आपण हद्दच नाहीं असें समजून चालतों. झाडूस हात लागेपर्यंत त्याचें त्यालाही तें कळलें नसावें. शिबिराचा पहिला उपयोग आमच्या मतें हाच.

पण आक्षेप अजून उरतोच. एक दिवस सुटी, मग बाकीचे सहा दिवस काय? सहा दिवस तो माणूस तेंच काम करी, आणि उन्हाळा सरल्यावर पाहुणे आपापल्या बंगल्यांत जात. ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. आपल्या देशांत हातानें मैला उचलविण्यास बंदी करणारा कायदा १९९३ सालीं झाला, आणि तो पुरेना म्हणून २०१३ सालीं दुसरा करावा लागला. आश्रमाच्या झाडूनें हें काम झालें नाहीं. तरी ज्यानें एकदां तो झाडू धरला त्याला ‘हें माझ्या हातून होणें शक्यच नाहीं’ असें पुन्हा म्हणतां येत नाहीं. तो काम टाळील, पण टाळतों आहें हें जाणून टाळील. हा फरक लहान नव्हे.

पेत्राची अंत्युखियांतली गोष्ट वाचकांच्या स्मरणांत असेलच. परराष्ट्रीयांबरोबर तो जेवत होता. याकोबाकडून माणसें आलीं आणि तो पंक्तींतून मागें सरला. त्याचें आधींचें जेवण लटकें होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. तें खरें होतें, म्हणूनच पौलास त्याला तोंडावर दोष देतां आला. जो कधीं पंक्तीस बसलाच नाहीं त्याला कशाची आठवण करून देणार?

पुढें ही पद्धत पसरली. १९३५ सालीं लखनौस आश्रम झाला, १९४० सालीं ती अमेरिकेंत गेली, आणि तेथें काळे व गोरे ह्यांनीं एकत्र राहावें असा जोन्स साहेबांचा आग्रह असे. जी चाल साततालीं जातीच्या गांठीवर घातली, तीच तेथें वर्णाच्या गांठीवर घालावी लागली! जोन्स साहेब १९७३ सालीं बरेलीस वारले.

आतां उन्हाळा जवळ आला कीं आमच्या मंडळ्यांतून शिबिराची वर्गणी गोळा होते. मुलगा परत आला म्हणजे पंच त्याला नवीं गीतें म्हणावयास लावतात, पाठ केलेलीं वचनें विचारतात. तेथें तुझ्या शेजारीं कोण जेवावयास बसत असे, आणि त्याला तूं घरीं केव्हां बोलावणार आहेस, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. तें विचारलें, तर पुढचें उत्तर पंचांच्याच घरांतून द्यावें लागेल.