त्या संध्याकाळी कुठं होता?

३० जानेवारी १९४८, शुक्रवार. दिल्लीत बिर्ला भवनाच्या आवारात संध्याकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी महात्मा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि थोड्याच वेळात रेडिओनं ती बातमी देशभर नेली, मिरजेतही. मिरज तेव्हा संस्थान होतं. मुंबई प्रांतात विलीन झालं ८ मार्चला. गावात रेडिओ मोजकेच, एखाद्या वाड्याच्या सोप्यात नाहीतर पेठेतल्या दुकानात. खटका फिरवला की आधी दिवा लागायचा, व्हॉल्व्ह तापायचे, मग कुठं आवाज फुटायचा. त्या वेळी शाळकरी असलेली माणसं आज नव्वदीच्या घरात आहेत. विषय निघाला की रेडिओ कुणाकडं होता, आपण उंबऱ्यात होतो की पायरीवर, कुणाकडं त्या रात्री चूल पेटली नाही, सगळं बारकाईनं सांगतात.

हे तपशील खरेच असतील असं मात्र नाही. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान कोसळलं. दुसऱ्याच दिवशी उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं : बातमी कळली तेव्हा कुठं होतात? अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं, तर कितीतरी जणांच्या उत्तरात जागा बदलली होती, सोबतची माणसंही बदलली होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी त्यांना नवीच आठवण खरी वाटत होती.

उंबरा की पायरी, यात चूक झाली तर बिघडत नाही. मिरज-सांगलीकडं खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मग काय झालं?

मारेकरी नथुराम गोडसे ब्राह्मण असल्याचं कळलं आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. कटाशी काडीचाही संबंध नसलेली माणसं नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. पुण्याहून गावाकडं निघालेल्या तरुणांच्या डोळ्यांनी व्यंकटेश माडगूळकरांनी ते दिवस ‘वावटळ’ कादंबरीत मांडले; त्यांचं माडगूळ आजच्या सांगली जिल्ह्यातलं. अनेक कुटुंबांनी जमीनजुमला सोडून पुणं-मुंबई गाठली. काहींना शेजाऱ्यांनीच घरात लपवून वाचवलं, हेही तितकंच खरं.

हत्येच्याच महिन्यात, १३ ते १८ जानेवारी, गांधीजींनी दिल्लीत धर्माधर्मांतला हिंसाचार थांबावा म्हणून उपोषण केलं होतं. त्यांच्या मृत्यूचा सूड म्हणून घरं जाळावीत, यासारखा त्यांचा दुसरा अपमान नाही.

एकाच बोळात त्यामुळं दोन आठवणी नांदतात. एका घरात रेडिओपुढं रडणारी माणसं आठवतात, शेजारच्या घरात रॉकेलचा वास आणि पाठीमागच्या दारानं पळणं. घरचे जुने लोक बोलते झाले की नातवंडांनी दोन्हीबद्दल विचारावं, गल्लीच्या नावानिशी उतरवून घ्यावं. वेळ फार उरलेला नाही. आणि प्रश्न फक्त जळलेल्या घरातल्यांना विचारून भागणार नाही. ‘अठ्ठेचाळीसची जाळपोळ’ आजवर बहुतेक त्यांनीच सांगितली आहे. रस्त्यावर उभं राहून बघणारेही पुष्कळ होते, आणि ते कुठं होते हे त्यांच्या घरात क्वचितच कुणी विचारलं आहे.