आत्मस्तुती आणि साक्ष

स्वतःविषयी स्वतःच चांगले लिहावे, आणि तेही पोटासाठी लिहावे, ह्यात काही अनुचित आहे काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात तो आमच्यासमोर अशा रीतीने उभा राहिला की, त्याला टाळून पुढे जाणे आम्हांला शक्य झाले नाही.

यशवंतपुरात आमच्या शेजारी एक मराठी अभियंते राहतात. वय पंचेचाळिशीच्या पुढचे. मोठमोठ्या बांधकामांवर त्यांनी वीस वर्षे काढली, त्यांतली बरीचशी प्रकल्प व्यवस्थापक म्हणून. आणि त्या सुमारास त्यांची नोकरी सुटली होती. घरी वृद्ध आई, मुलीचे शिक्षण चाललेले. एके संध्याकाळी ते दोन कागद घेऊन आमच्याकडे आले. कचेऱ्यांच्या भाषेत ज्याला 'रेझ्युमे' म्हणतात आणि आपल्या घरांत जो अजून 'बायोडाटा' आहे, त्याचे ते दोन मसुदे होते. पहिला त्यांनी स्वतः लिहिला होता. दुसरा पैसे देऊन लिहवून घेतला होता. पहिल्यात 'कामात सहभाग होता', 'मदत केली', 'जबाबदारी सोपविण्यात आली होती' अशी वाक्ये होती. तो वाचून ह्या गृहस्थांनी वीस वर्षे नेमके काय केले, हे कोणालाही कळले नसते. दुसऱ्यात ते 'द्रष्टे' आणि 'गतिमान' झाले होते, आणि एक अख्खी इमारत त्यांनी जणू एकट्याने मुदतीपूर्वी उभी केली होती.

"काका, ह्यांतले कोणते खोटे पाठवू?" त्यांनी विचारले. शब्दांत विनोद होता. चेहऱ्यावर मात्र नव्हता.

आपल्या परंपरेने ह्या बाबतीत पहिल्या मसुद्याचीच बाजू घेतली आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. दासबोधातील मूर्खलक्षणांच्या समासात समर्थांनी आपल्या तोंडाने आपली स्तुती करणाऱ्याची गणना मूर्खांत केली, आणि त्याच्या शेजारी वडिलांची कीर्ती सांगत बसणाऱ्यालाही बसविले. महाभारतातील कर्णपर्वात तर ह्याहून भेदक प्रसंग आहे. गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याला ठार मारण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा होती, आणि ते शब्द नेमके युधिष्ठिराच्या तोंडून निघाले. वडील माणसाचा अपमान हाच त्याचा वध, असे सांगून कृष्णाने त्या प्रतिज्ञेतून वाट काढली. परंतु अपमान करून झाल्यावर पश्चात्तापाने अर्जुन स्वतःवरच तलवार उपसू लागला, तेव्हा कृष्ण म्हणाला की, आता तू आपल्या तोंडाने आपले गुण वर्णन कर. तोच तुझा आत्मघात होईल. ज्या संस्कृतीने आत्मस्तुतीला आत्महत्येच्या पंक्तीला बसविले, तिच्यात वाढलेल्या माणसाला स्वतःचा बायोडाटा लिहिताना हात आखडल्यासारखा वाटला, तर नवल ते कोणते?

आपणां सरकारी नोकरांना तर ह्या संकोचाची आणखी एक सवय लागलेली आहे. आपले गुणदोष दुसऱ्याने लिहावयाचे, तेही आपल्या पाठीमागे, हीच रीत पिढ्यानुपिढ्या चालत आली. गोपनीय अहवालात वरिष्ठांनी काय लिहिले ह्याचा अंदाज त्यांच्या नमस्काराच्या कमीजास्त उबेवरून बांधावयाचा! प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्याला कळविला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देवदत्त यांच्या खटल्यात ठरविले. आता वार्षिक अहवालात स्वतःच्या कामाचा गोषवारा स्वतःच द्यावयाचा असतो. तो रकाना भरताना भलेभले अधिकारी पेन हाती घेऊन तासभर बसलेले आम्ही पाहिले आहेत. चाळीस पानांची टिप्पणी ज्यांनी एका बैठकीत लिहिली, त्यांना स्वतःविषयी चार ओळी सुचत नाहीत.

परंतु हा सगळा संकोच विनयच असतो काय? आम्हांला तशी खात्री वाटत नाही. 'मी काहीच केले नाही' असे म्हणणारा माणूस पुष्कळदा समोरच्याने 'छे, छे!' म्हणावे म्हणून थांबलेला असतो. आणि तसे नसले तरी, ज्याने काम केले तो 'सहभाग होता' असे लिहितो तेव्हा तो वाचणाऱ्याला सत्यापासून दूरच ठेवतो. ज्या संस्थेला योग्य माणूस हवा आहे तिचे त्यात नुकसान आहे. ज्या घराला त्या पगाराची गरज आहे त्याचे तर आहेच. अतिशयोक्ती हे जसे असत्य, तसे न्यूनोक्ती हेही असत्यच. फक्त त्याला लोक चांगले म्हणतात, म्हणून ते अधिक सुरक्षित आहे.

मग वाट कोणती? ह्याचे उत्तर आम्हांला रायगडावर सापडते. जगदीश्वराच्या मंदिरापाशी दोन शिलालेख आहेत. एक संस्कृतात असून त्यात शक दिलेला आहे. सिंहासनस्थ छत्रपतींच्या अनुज्ञेने हे देवालय झाले, असे तो प्रथम सांगतो. मग वापी, कूप, तडाग, उद्याने, स्तंभ, गजशाळा, राजगृहे ह्यांचा उल्लेख करतो. आणि हे हिराजीने निर्माण केले, असे शेवटी नाव येते. दुसरा लेख मंदिराच्या पायरीवर आहे. त्यात गडाचे बांधकाम पाहणाऱ्या ह्याच हिरोजीने, आपण सेवेस तत्पर आहोत, एवढेच नोंदविले आहे. पायरीवरच्या ओळीचे गुणगान आपण नेहमी करतो, कारण तीत विनय आहे. पण पहिला लेखही त्याच्याच कामाचा आहे, हे विसरता कामा नये. कोणाच्या आज्ञेने, केव्हा, काय काय, आणि कोणी: ह्या चारही गोष्टी तेथे आहेत. कर्त्याने आपले नाव लपविले नाही, आणि ज्याच्या आज्ञेने काम झाले त्याच्या आधीही घातले नाही. ह्याला आत्मस्तुती म्हणता येणार नाही. ही साक्ष आहे.

स्तुती आणि साक्ष ह्यांतला भेद व्याकरणातही दिसतो. स्तुती विशेषणांवर जगते. साक्षीला नामे, क्रियापदे आणि आकडे लागतात. 'कुशल नेता' ही स्तुती झाली. 'एकशेवीस माणसे, चौदा महिने, मंजूर खर्चापेक्षा चार टक्के अधिक' ही साक्ष झाली. कारण ती तपासून पाहता येते आणि खोटी ठरू शकते. जे खोटे ठरूच शकत नाही, त्याला खरे म्हणण्यात अर्थ नाही. आमच्या यशवंतपूरच्या बाजारसमितीच्या आवारात महाराष्ट्रातून कांदा येत आला आहे. जाणता व्यापारी पोत्याच्या तोंडाशी रचलेला कांदा पाहून भाव करीत नाही. तो मधूनच हात घालतो. बायोडाटा वाचणारा अनुभवी माणूसही तेच करतो. हल्ली अनेक ठिकाणी पहिली चाळणी संगणक लावतो, आणि जाहिरातीतले शब्द अर्जात आहेत की नाहीत हे पाहतो. म्हणून पदाच्या जाहिरातीतील परिभाषा वापरणे योग्यच. पण तो शब्द ज्या कामाचा आहे ते काम आपण केलेले असावे, एवढी अट पाळली पाहिजे. चाळणीनंतर शेवटी माणूसच बसलेला असतो, आणि त्याचा हात मध्येच जातो.

प्रकल्प व्यवस्थापकाची अडचण मात्र ह्याहून खोल आहे. गवंडी भिंत दाखवू शकतो, सुतार दार दाखवू शकतो. व्यवस्थापकाने एकही वीट रचलेली नसते. त्याचे सारे काम दुसऱ्यांच्या हातून झालेले असते; मग 'मी बांधले' असे त्याने कोणत्या तोंडाने लिहावे? कृष्णराजसागराचेच उदाहरण घ्या. पुण्यात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत उमेदीची वर्षे घालविलेले विश्वेश्वरय्या १९०९ मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडले तेव्हा ते पुरे व्हावयाचे होते, आणि पुढे इतर अभियंत्यांनी ते तडीस नेले. त्या धरणावर दगड वाहणाऱ्या हजारोंची नावे कोठेही नाहीत. तरीही विश्वेश्वरय्यांचा त्या धरणाशी संबंध नाही, असे कोण म्हणेल? आग्रह धरला, मंजुरी मिळविली, आरंभ केला, ही क्रियापदे त्यांची आहेत. 'पुरे केले' हे क्रियापद दुसऱ्यांचे आहे.

आमच्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली येथेच आहे. व्यवस्थापकाने आपली क्रियापदे शोधून काढावीत. 'बांधले' हे त्याचे नव्हे. 'वेळापत्रक आखले', 'धोका आधी ओळखला', 'वाढीव मागणी नाकारली', 'काम थांबविले', 'ठेकेदार बदलला', 'मुदतवाढ मागितली' ही त्याची. प्रत्येक प्रकल्पाखाली कामाची व्याप्ती, खर्च, मुदत, हाताखालची माणसे, स्वतःचे अधिकार आणि शेवटी काय झाले, एवढे दोन-तीन ओळींत लिहिले की पुरे होते. दोन पानांच्या पुढे जाण्याचे सहसा कारण नसते. प्रमाणपत्रे असतील तर ती एका ओळीत नोंदवावीत. ती अभ्यासाची साक्ष देतात, कामाची नव्हे. आणि जो प्रकल्प उशिरा झाला तो उशिरा झाला, असेच लिहावे. वीस वर्षांत एकही काम रेंगाळले नाही असे सांगणाऱ्यावर त्या धंद्यातला कोण विश्वास ठेवील?

हे सगळे आम्ही त्या गृहस्थांना सांगितले, आणि वर एक कसोटी सुचविली. लिहिलेला कागद कोणा वरिष्ठाला दाखवू नका. ज्याने तुमच्या हाताखाली ते काम केले त्याला वाचून दाखवा. त्याच्यापुढे जे वाक्य वाचताना आवाज खाली येईल, ते खोडून टाका.

त्यांनी आठवडाभराने तिसरा मसुदा केला, आणि आमच्या ओसरीवर बसूनच जुन्या कामावरच्या मेस्त्रींना दूरध्वनी लावला. एकेक ओळ कन्नडमध्ये सांगत गेले. पलीकडून नुसते हुंकार येत होते. शेवटी मेस्त्री म्हणाले, "सगळे बरोबर आहे, सार. पण त्या स्लॅबच्या रात्रीचे का नाही लिहिले?"

आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की, एकदा रात्री स्लॅब ओतताना काँक्रीटचा पंप बंद पडला होता. घाई करून कसेबसे पुरे करावे, असा वरून दबाव होता. ह्यांनी ऐकले नाही. योग्य जागी सांधा घेऊन काम थांबविले, पहाटेपर्यंत तेथेच उभे राहिले, आणि दोन दिवसांच्या उशिराचा ठपका स्वतःवर घेतला. उशीर झाला म्हणून त्यांनी ती गोष्ट कागदावर घेतलीच नव्हती. वीस वर्षांतले सर्वांत त्यांचे स्वतःचे असे क्रियापद त्यांना दोष वाटले होते, आणि ते परत दिले हाताखालच्या माणसाने.

ती ओळ त्यांनी घातली. पुढे दोन ठिकाणांहून उत्तर आले नाही. तिसऱ्या ठिकाणाहून बोलावणे आले असून निकाल अद्याप लागावयाचा आहे. तो कसाही लागो. कृष्णाने ज्याला आत्मघात म्हटले त्यात 'मी' एकटाच बोलत असतो. जेथे दुसरा ऐकणारा आहे, त्याला 'हे खोटे' म्हणण्याचा अधिकार आहे, आणि क्वचित् 'हे राहिले' असेही म्हणण्याचा अधिकार आहे, तेथे स्वतःविषयी बोलण्यात लाज वाटण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.