भिंतीपलीकडचा पापलेट

२०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींची किमान लांबी ठरली; १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडणं गुन्हा झाला. वर्ष सरतंय तोच, जून २०२४ मध्ये, डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्राने मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत. सातपाटी-डहाणूचा हा पट्टा पापलेटसाठीच नावाजलेला. पिल्लू धरू नकोस असं कोळ्याला बजावताना ते वाढतं कुठे, हे बंदराच्या आराखड्यालाही विचारायला हवं होतं.

आराखडा हेक्टरमध्ये विचार करतो आणि मासा एका हेक्टरात जन्म काढत नाही. अंडी प्रवाहाबरोबर वाहतात, कित्येक जातींची पिल्लं खाडीत नि उथळ पाण्यात पोसतात, मोठा झालेला घोळ किंवा दाढा खोलात जातो. यातला एक टप्पा तुटला की बाकीचे शाबूत राहूनही उपयोग नाही. वाढवणच्या खडकाळ किनाऱ्यावर शेवंड आणि कालवं आहेत. कृत्रिम दगड टाकून ती वस्ती पुन्हा उभी राहीलच, अशी खात्री मला तरी वाटत नाही.

डोल जाळ्याचंच पाहा. ते एका जागी रोवलेलं असतं. भरती-ओहोटीचं पाणी त्यात बोंबील, जवळा आणून घालतं. भांगाच्या लहान भरतीला ओढ कमी, उधाणाच्या मोठ्या भरतीला जास्त, हे कोळ्याचं गणित. भिंतीने प्रवाह वळला तर डोल जागेवरच राहते, पाणी मात्र दुसरीकडून जातं. अशा वेळी ‘बाधित क्षेत्र’ कुठवर धरायचं? बोटीला भरपाई देता येते. प्रवाहाची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची?

मासे कमी होण्यात पर्ससीन आणि बारीक आसाच्या जाळ्यांचाही वाटा आहे, हे कोळी बांधवही मान्य करतात. पण आधीच थकलेल्या समुद्राला नवा भार सोसवेल का, हे तपासायची जबाबदारी त्याने हलकी होत नाही. न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखालील डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ साली या जागी बंदर नाकारलं होतं; २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली. खडक आणि खाड्या मधल्या काळात हलल्या नव्हत्या.

आता निदान त्या अटींना दात हवेत. माशांच्या प्रजननासाठी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात. गाळ उपसणाऱ्या ड्रेजरना तेच दोन महिने का थांबवू नये?