खुराड्याची कडी

बदकं पाळायची असं आमच्या घरात कुणी ठरवलं नव्हतं. शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या अंगाला आमचं गाव. थोडा ऊस, थोडं सोयाबीन, दोन म्हशी आणि घरामागं परडं. परड्यात मोरीचं पाणी साचून बारमाही चिखल. एकदा एका पाहुण्यानं बदकाची 9 अंडी दिली. दिली होती खायला, पण घरात एक कोंबडी खुडूक बसली होती. बायको म्हणाली, "घालू या हिच्याखाली. बघू काय होतंय."

कोंबडीची पिल्लं 21 दिवसांत निघतात, बदकाला 28 दिवस लागतात. कोंबडीला हा हिशोब कोण सांगणार? ती आठवडाभर जास्त बसली. दिवसातनं एकदा उठायची, चार दाणे टिपायची, घोटभर पाणी प्यायची की परत अंड्यांवर. पार वाळून गेली बिचारी. 9 पैकी 7 पिल्लं निघाली. पिवळी धमक, चपट्या चोचीची. थोडी मोठी झाल्यावर ती सगळी एक दिवस डबक्यात उतरली. कोंबडी काठावरनं अशी ओरडत धावत सुटली की विचारू नका. या टोकापासनं त्या टोकापर्यंत, पंख फुलवून. आम्ही पोट धरून हसलो. सगळ्यात जास्त मी हसलो. हे पुढं लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

बदकांचा आम्हाला कधी लळा लागला ते कळलंच नाही. कोंबड्या वाफे उकरून टाकतात, बदकं तसं करत नाहीत. अळवावरच्या गोगलगायी मात्र एकेक वेचून खातात. बादलीत चोच डोळ्यापर्यंत बुडवून धुतल्याशिवाय त्यांचं जेवण होत नाही. बायको धुणं घेऊन निघाली की मागनं रांग. मादी केकाटते आणि नराचा आवाज घसा बसल्यासारखा निघतो, त्यामुळं नात नराला "सर्दीवाला" म्हणायची.

पहिल्याच वर्षी मुंगसानं एक नेलं. मग मी विटांचं खुराडं बांधलं. वर पत्रा, पुढं जाळीचं दार, दाराला लोखंडी कडी. दिवस मावळला की बदकं आत घालून कडी लावायची. सकाळीही लगेच सोडायची नाहीत, कारण बदक अंडं पहाटेच्या सुमाराला घालतं. लवकर सोडलं तर उसात कुठंतरी घालून येतं आणि ते सापडत नाही. म्हणून नऊला कडी काढायची. 6 पैकी 2 बदकं मात्र वांड. काही केल्या खुराड्यात जायची नाहीत. गोठ्यात म्हशीच्या पायाशी जाऊन झोपायची. त्यांच्यावर मी रोज खेकसायचो.

मग 2019 चा ऑगस्ट आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. 2005 चा पूर आम्ही बघितला होता आणि तेच अंगलट आलं. "तवा पानी ह्या पायरीला लागलंतं, ह्याच्या वर येत न्हाई," असं सगळे म्हणत राहिलो. पहाटे चारला ते त्या पायरीवर होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हतं. अंधार, वर पाऊस, गल्लीत आरडाओरडा. म्हशी सोडल्या, कागदपत्रांची पिशवी घेतली, पोरांना उचललं आणि मिळेल त्या ट्रॉलीत चढलो. ट्रॉली हलली तशी नात म्हणाली, "आज्जा, बदकांचं काय?"

मी म्हणालो, "अगं, बदकंच ती. बुडायचं भ्या आपल्याला, त्यांना कसलं?"

ट्रॉलीतली माणसं तेवढ्या संकटातही हसली. पोरगीही गप बसली.

नऊ दिवसांनी परत आलो. पाण्याची रेघ खिडकीच्या वर गेलेली. घरात गुडघाभर गाळ, आणि वास असा की नाकाला पदर लावून बायका दारातच उभ्या. मी मागच्या बाजूनं परड्यात गेलो. खुराड्याची कडी लावलेली होती.

आत चार होती. पाणी चढत गेलं तशी ती तरंगत वर गेली असतील आणि पत्र्याला जाऊन लागली असतील. पोहता येत होतं, तरंगता येत होतं. वर जागा नव्हती.

मी बायकोला हाक मारली. ती आली, बघितलं आणि तोंडावर हात धरून म्हणाली, "मला वाटलं, कडी तुमी काढली."

मी म्हणालो, "मला वाटलं, तू काढलीस."

दोघंही खरं बोलत होतो. म्हणूनच त्यावर पुढं काही बोलता येईना. भांडायला तरी एकजण खोटा लागतो.

ती दोन वांड बदकं दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या बांधावर सापडली. हडकलेली, पण जिवंत. माझं ऐकलं नाही म्हणून वाचली.

नातीनं चौघांना उसाच्या बांधाला पुरताना विचारलं, "पवायला येत हुतं न्हवं त्यास्नी?" मी काही उत्तर दिलं नाही. आजही माझ्याकडं उत्तर आहे असं नाही, पण त्यावर मी बराच विचार केला आहे, तो इथं मांडतो.

गावात मी हे बोललो तर लोक म्हणाले, "माणसांची घरं पडली, उभा ऊस कुजला, आन् तू बदकांचं काय घिऊन बसलास?" त्यांचं बरोबर आहे. आमच्या गल्लीत एका घराची अख्खी भिंत गेली. तिथं जाऊन मी बदकांसाठी रडणं शोभलं नसतं. पण भिंत पुरानं पाडली. कडी मी लावली होती. दुःख मोठं की लहान ही एक गोष्ट आणि त्यात माझा हात किती ही दुसरी. मोठ्या दुःखाच्या गर्दीत माणूस आपली लहान चूक सहज लपवतो, आणि पुरासारखी आडोशाची जागा दुसरी नाही. सगळं पुरावर ढकलता येतं.

पंचनाम्याला माणसं आली. "जनावरं किती दगावली?" मी म्हणालो, "एकबी न्हाई." पोरगा म्हणाला, "दादा, बदकं सांगायची हुती." भरपाई मिळाली असती की नाही, हा प्रश्नच नव्हता. पुरात दगावली असं कागदावर आलं असतं, खाली माझी सही झाली असती आणि मलाही हळूहळू ते खरं वाटलं असतं.

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. शास्त्र मला माहीत नाही, पण भाषा रोजची आहे. आपण जनावर पाळतो म्हणतो आणि शब्द पाळतो असंही म्हणतो. दोन्हीला एकच क्रियापद. शब्द न देताच आपण जनावर पाळायला लागतो असं आपल्याला वाटतं, पण खुराडं बांधलं त्या दिवशीच शब्द दिलेला असतो. मी बदकाला आत घातलं म्हणजे काय केलं? मुंगसापासनं पळायचं त्याचं काम माझ्याकडं घेतलं. मग पाण्यापासनं पळायचं कामही माझ्याकडंच आलं. एक घेतो आणि दुसरं त्याचं त्यानं बघावं, असं चालत नाही.

थंडीत नदीवर रानबदकं येतात. आपली घरची बदकं मूळची त्यांच्याच जातीची, हिरव्या डोक्याच्या रानबदकाची. ती हजारो मैल उडतात. घरचं बदक परड्याच्या कुडावरनं उडायला दमतं. अंड्यांवर बसायची खोडसुद्धा माणसानं कितीतरी जातींतनं घालवली, कारण बसलेलं बदक अंडी देत नाही. म्हणून तर कोंबडी शोधावी लागते. माणसानं त्याचे पंख घेतले, आईपण घेतलं, भीती घेतली. आणि ऐन वेळी मी त्याच्या पोहण्याकडं बोट दाखवलं. जे आपण घेतलं त्याचं बोलायचं नाही आणि जे त्याच्याकडं उरलं त्याच्यावर त्याला सोडून द्यायचं.

माणसांच्या बाबतीतही मी हे बघितलं आहे. "ती खंबीर आहे, निभावून नेईल," असं आपण घरातल्या एखाद्या बाईबद्दल म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा आपल्याला तिच्या मदतीला जायचं नसतं. तिच्या दाराला बाहेरनं कडी आहे का, एवढं तरी बघावं.

त्या काळात मला ती खुडूक कोंबडी फार आठवली. पोहणं तिच्या अकलेबाहेरचं होतं, म्हणून ती काठावरनं धावली. मला सगळं माहीत होतं, म्हणून मी ट्रॉलीत बसून राहिलो.

2021 च्या जुलैत परत पूर आला. तोवर त्या दोनाची पाच झाली होती, परत कोंबडीच्याच पोटाखाली. या खेपेला पहिल्यांदा खुराड्याकडं गेलो, मग गोठ्याकडं. नात डालगं मांडीवर घेऊन ट्रॉलीत बसली. पाच बदकांनी वाटभर कालवा केला आणि माणसं हसली. हसू देत.

कडी लावायची मी सोडलेली नाही. मुंगूस आहे, रानमांजर आहे, कडी लावावीच लागते. आमच्या घरात आता फक्त एक रीत आहे. ज्यानं कडी लावली, त्यानंच ती काढायची. दुसऱ्यानं काढली असेल असं धरून चालायचं नाही. पावसाळ्यात रात्री पावसाचा जोर वाढला की मी बॅटरी घेऊन एकदा परड्यात जाऊन येतो. बायको अंथरुणातनंच विचारते, "बघितली का वं?"

"बघितली," म्हणून मी पडतो.