मदतीचा हात आणि माणसाचा मान

दुसऱ्याला मदत करणे चांगले, याविषयी आपल्यात दुमत नाही. परंतु मदत घेणाऱ्याच्या मनाला काय वाटत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. आलेले पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, बँकेतील शिल्लक शेजाऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते, पैसे पाठवताना गुप्त क्रमांक कोणाला तरी सांगावा लागतो. काम होते खरे. पण त्याबरोबर माणसाचे खासगीपण हातचे जाते. मग खरी मदत कोणती? दुसऱ्याचे काम आपण करून देणे, की ते त्याचे त्यालाच करता यावे अशी वाट मोकळी करणे?

घराघरांत पोहोचलेल्या स्मार्टफोनने हा प्रश्न नव्याने आपल्यासमोर ठेवला आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ नावाचा एक विभाग असतो. आपल्यापैकी पुष्कळांनी तो कधी उघडलेलाही नसेल. तेथे अक्षरे मोठी करता येतात, पडद्याचा एखादा भाग भिंगाखाली धरल्यासारखा पाहता येतो. थरथरणाऱ्या हाताचे चुकून झालेले स्पर्श फोनने मानू नयेत, अशी योजना करता येते. समोरच्याचे बोलणे अक्षरांत उमटवणारी सोय कमी ऐकू येणाऱ्याला संभाषणात पुन्हा सामील करून घेते. २००९ साली आयफोनवर ‘व्हॉइसओव्हर’ आणि अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ आले. पडद्यावरून बोट फिरवावे, बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगतो. हवे ते सापडले की दोनदा टिचकी मारावी. ज्या गुळगुळीत काचेवर बोटाला एकही खूण लागत नाही, ती काच दृष्टिहीनांच्या उपयोगी पडू लागली. कानात इअरफोन घालून त्यांना आपला निरोप आपणच वाचता येतो. तिसऱ्या कोणाला तो कळण्याचे कारण उरत नाही.

यात एक जुनाच धडा आहे. लुई ब्रेल यांच्या आधी अंधांसाठी पुस्तके नव्हती असे नाही. डोळस माणसांनी आपलीच अक्षरे कागदावर उठावदार करून त्यांना दिली होती. ती बोटांनी वाचणे फार संथ व कष्टाचे होते. बालपणीच दृष्टी गमावलेल्या ब्रेल यांनी १८२९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ठिपक्यांची लिपी प्रसिद्ध केली. डोळ्यांना काय शोभते ते न पाहता बोटांना काय हवे ते त्यांनी पाहिले. ज्याची अडचण, त्याचे म्हणणे आधी ऐकावे, हे त्यातून आपण शिकायचे.

सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेला निर्णय याच दिशेचा आहे. मोबाइलवरून ओळख पटवताना माणूस जिवंत आहे हे कळावे म्हणून डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले जात असे. आम्लहल्ल्यात चेहरा व डोळे जायबंदी झालेल्यांनी आणि दृष्टिहीनांनी ते कसे करावे? अशा डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि वीस निर्देश दिले. येथे कोणी दया मागितली नव्हती. मागितले होते ते हक्काचे. तरीही अनेक अ‍ॅप्समध्ये चित्रांना नावे दिलेली नसतात आणि दृष्टिहीनाला नुसते ‘बटण, बटण’ एवढेच ऐकू येते. दार बांधले, पण कडी हाताला लागू नये, असा हा प्रकार.

आता दुसरी बाजू. पत्र वाचून दाखवायला येणारा शेजारी केवळ पत्र वाचत नसे. तो घटकाभर बसत असे, विचारपूस करीत असे. फोन वाचू लागला म्हणून त्याने येणेच सोडले, तर सोय वाढली आणि माणूस एकटा पडला, असे होईल. ते यंत्राचे नव्हे, आपले उणे ठरेल. काम म्हणून जाण्याची गरज संपली, की केवळ भेटीसाठी जाण्याची खरी कसोटी सुरू होते.

म्हणून आपल्या घरातील वडीलधाऱ्यांजवळ एखादी दुपार बसावे. काय जड जाते ते त्यांनाच विचारावे. फोन त्यांच्या हातून काढून न घेता, त्यांच्याच बोटांनी ती सोय सुरू करू द्यावी. पहिल्यांदा चुकेल, वेळ लागेल. तेवढा धीर आपण धरावा. आणि शिकवून झाल्यावरही लगेच उठू नये.