लसीच्या रांगेतली आई

बाळ जन्मलं की त्याच्या नावाचं कार्ड तयार होतं. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नववा महिना. लशींच्या वेळा ठरलेल्या. आशाताईंच्या फेऱ्याही ठरलेल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्या घरी येतात. एवढ्या वेळा आरोग्य खात्याची आणि आईची गाठ पडते, तरी आईचा खुबा दुखतोय ही गोष्ट बहुधा निघतच नाही. बाळाचं वजन होतं, सुई टोचून होते, रात्री ताप आला तर काय द्यायचं ते सांगून होतं. आई बाळाला कडेवर घेते आणि एक पाय जपून टाकत बाहेर पडते.

घरी बोललीच, तर उत्तर तयार असतं. ‘बाळंतपणात होतंच गं, सव्वा महिना जाऊ दे.’ सव्वा महिना जातो, डिंकाचे लाडू संपतात, मालिशवाल्या मावशी यायच्या थांबतात आणि दुखणं तिथंच असतं. सिझर झालेलं असेल तर आरोपीही आयताच सापडतो: मणक्यात दिलेलं इंजेक्शन. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, हे खरं. पण वर्षानुवर्षांच्या पाठदुखीचं खापर त्या इंजेक्शनावर फोडावं, असं अभ्यासांत काही आढळलेलं नाही. तोटा असा की एकदा दोष इंजेक्शनाला दिला की पुढे कुणी शोधच घेत नाही.

शोध घ्यायला हवा, कारण दुखण्याच्या जागा वेगवेगळ्या असतात. कंबरेखाली पाठीमागे जिथं दोन खळ्या पडतात, तिथं माकडहाडाच्या वरचे दोन सांधे असतात. पुढे ओटीपोटाच्या तळाशी दोन हाडं कूर्चेने जोडलेली असतात. त्यांच्यातली फट एरवी 4-5 मिलिमीटरची. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैलावतात आणि ती 2-3 मिलिमीटरने वाढते. ती 10 च्या पुढे गेली तर ते सांधा उघडल्याचं लक्षण मानतात. आणि जांघेत खोलवर दुखत असेल तर प्रश्न खुद्द खुब्याच्या सांध्याचा असू शकतो. गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतर काही जणींच्या खुब्याचं हाड काही काळ ठिसूळ होतं. क्वचित त्याला चीरही जाते. तेव्हा ‘कंबर दुखते’ एवढ्यावर न थांबता नेमक्या जागेवर बोट ठेवून दाखवावं.

काय करताना दुखतं, हेही सांगावं. रात्री कूस बदलताना कळ येते का? सलवारीत पाय घालताना भिंत धरावी लागते का? जिना चढताना, मांडी घालून पाजायला बसताना, जमिनीवरून उठताना काय होतं? तपासणाऱ्याला या उत्तरांचा फार उपयोग होतो, आणि ही उत्तरं आईखेरीज कुणाकडेच नसतात.

बहुतेकींचं दुखणं काही आठवड्यांत, काही महिन्यांत ओसरतं. फिजिओथेरपिस्ट नितंबांच्या, पोटाच्या आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम देतात, कूस बदलताना गुडघे जुळलेले ठेवायला शिकवतात, सलवार बसून घालायला सांगतात. गरज वाटली तर पट्टाही देतात. तो आपल्या पोट बांधायच्या सुती पट्ट्यासारखा पोटावर येत नाही, बराच खाली, खुब्यांच्या पातळीवर बसतो. पोट आत जावं म्हणून करकचून बांधलेल्या पट्ट्याने त्याचं काम होत नाही. मूल सतत एकाच कडेवर घेणं मात्र थांबवावं लागतं. उजव्या हाताने पोळ्या करायच्या म्हणून मूल कायम डाव्या कडेवर, हा आपल्या स्वयंपाकघरांचा जुना शिरस्ता आहे. त्यावर खरा उपाय म्हणजे पोळ्या होईपर्यंत मूल दुसऱ्या कुणी तरी घेणं. हा व्यायाम घरातल्या पुरुषांनाही झेपतो.

औषधाचं नाव काढलं की दुधाची भीती पुढे येते. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अंगावर पाजणाऱ्या आईलाही डॉक्टर नेहमी देतात. फक्त आपण पाजतोय हे त्यांना आधी सांगावं. एक्स-रे काढल्याने दूध नासत नाही.

काही वेळा मात्र लसीच्या तारखेचीही वाट पाहू नये. पायावर भारच टाकता येत नसेल, दुखण्यासोबत ताप असेल, एकच पोटरी सुजून दुखत असेल, मांड्यांची आतली बाजू बधिर झाली असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रात्री वाढत जाणारं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटणारं वजन असं एकत्र दिसलं, तर आपल्याकडचे डॉक्टर सांध्याच्या क्षयाचाही विचार करतात. तोही बाळंतपणाच्या अशक्तपणात खपून जाऊ शकतो.

एरवी पुढच्या लसीच्या दिवशी, बाळाचं कार्ड परत हातात पडलं की तिथंच म्हणावं, ‘मॅडम, आता माझं बघा. इथं दुखतंय, इतके दिवस झाले.’ ‘होईल कमी’ असं उत्तर आलं तर विचारावं, कधीपर्यंत वाट बघू आणि फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी देता का? सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तो विभाग असतो, पुष्कळ जिल्हा रुग्णालयांतही असतो. सासूबाईंना सोबत न्यावं. त्यांचाही खुबा बहुधा थोरल्याच्या वेळेपासून दुखत असेल; एकाच फेरीत दोघींचे केसपेपर काढून घ्यावेत.